उठण्याचा आणि निजण्याचा क्रम

आमच्या घरांत सर्वांच्या आधीं उठणारें माणूस आणि सर्वांच्या मागून निजणारें माणूस एकच असे. तें म्हणजे आमच्या थोरल्या काकू. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून पाहत आलों. पण तींत कांहीं शास्त्र असेल अशी शंकाहि पुष्कळ वर्षें आमच्या मनास शिवली नाहीं. पुढें आमच्या हातून एक चूक घडली, आणि त्या चुकीचा उलगडा आम्हांस कचेरींत न होतां काकूंच्या स्वयंपाकघरांत झाला. ती हकीकत सांगण्याकरितां हा लेख आहे. वाचकांस थोडा यंत्रांचा विषय सोसावा लागेल. परंतु ज्यांनीं चौदापंधरा माणसांचें घर चालविलें आहे, त्यांस तो परका वाटूं नये अशी आमची समजूत आहे.

काकूंचा क्रम असा होता. पहाटे पांचाच्या सुमारास नळाला पाणी येई. पहिल्यानें मोटार लावून गच्चीवरील टाकी भरावयाची. टाकींत पाणी चढल्यावांचून गीझरचें बटण दाबावयाचें नाहीं, हा त्यांचा सक्त नियम. मग दूध, मग चहाचें आधण, आणि आधणाला उकळी फुटल्यावर आम्हां मुलांस हांका. त्यापूर्वींच कोणी जागा होऊन चहा मागूं लागला तर त्याची रवानगी पुन्हां अंथरुणांत होई. रात्रीं हाच क्रम उलट चाले. साडेनऊला त्या जाहीर करीत, "आतां नवीन कांहीं मागूं नका." जे पानावर बसलेले असत त्यांस मात्र स्वस्थपणें जेवूं देत. पानें उठलीं कीं भांडीं, भांडीं झालीं कीं ओटा, ओटा पुसला कीं नळ, मग ग्यास, मग दिवा. शेवटीं दारापाशीं येऊन त्या चपलांचे जोड मोजीत, आणि जोड पुरे भरले तरच कडी घालीत. एखादा जोड कमी असला तर साडेअकरापर्यंत वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर बसत. त्यानंतर मात्र कडी पडे, आणि उशिरां येणारानें घंटा वाजवून बोलणीं खावीं.

आमचा धंदा सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम लिहिण्याचा. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा मुलगा, सून किंवा नात या धंद्यांत असेल, आणि तें माणूस दिवसभर नक्की काय करितें असें विचारल्यास "कॉम्प्युटरचें काम" यापलीकडे उत्तर मिळत नसेल. म्हणून थोडें सांगतों. आपण संगणकावर पत्र लिहितों, तो प्रोग्राम म्हणजे घटकाभर आलेला पाहुणा होय. काम झालें कीं तो मिटतो, आणि त्यानें मागें टाकलेला बहुतेक पसारा संगणक आपण होऊन आवरून घेतो. सर्व्हरवरचा प्रोग्राम हा घरचा माणूस आहे. तो आठवडेच्या आठवडे अखंड जागा असतो, आणि एकाच वेळीं शेंकडों लोक त्याच्या दाराशीं येऊन कांहीं ना कांहीं मागत असतात. एवढें काम एकट्यानें होत नाहीं. त्याच्या पोटांत अनेक लहान घटक असतात. एक डेटाबेसशीं बोलतो, दुसरा येणाराची ओळख तपासतो, तिसरा निरोप धाडतो, चौथा झालेल्या गोष्टींची टांचणें लिहितो. या प्रत्येकास जन्म आहे, उमेदीचा काळ आहे आणि शेवट आहे. तो जन्म कोणी द्यावा, केव्हां द्यावा, आणि तो शेवट कोणीं व कोणत्या क्रमानें करावा, हा आमच्या विद्येंतला एक मोठा प्रश्न आहे.

जावा भाषेंत सर्व्हरसाठीं घटक लिहिण्याची जी पहिली सर्वमान्य पद्धति झाली तिला सर्व्हलेट म्हणतात. तिचा पहिला नियमसंग्रह सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत असतांना पावनी दिवाणजी या बाईंनीं तयार केला, आणि इ. स. १९९७ च्या जूनमध्यें त्याची १.० ही आवृत्ति पक्की झाली. तींत घटकाच्या आयुष्याचे तीन प्रसंग सांगितले आहेत: इनिट, सर्व्हिस आणि डिस्ट्रॉय. पहिला एकदांच येतो. त्यांत घटकानें आपली तयारी करावयाची. दुसरा हजारों वेळां येतो. तें त्याचें रोजचें काम. तिसरा पुन्हां एकदांच. त्यांत हातांत घेतलेलें सर्व परत करून निरोप घ्यावयाचा. हे प्रसंग केव्हां यावेत हें घटकानें ठरवावयाचें नसतें. तें ठरविणारा यजमान प्रोग्राम वेगळा असतो. त्यास कंटेनर म्हणतात. घटकाच्या हातीं कांहीं काम चालू असेल, तर तें पुरें होईपर्यंत किंवा ठरलेली मुदत संपेपर्यंत कंटेनरनें थांबावें, आणि मगच त्यास निरोप द्यावा, असाहि नियम त्या संग्रहांत आहे. आमच्या काकूंनीं तो संग्रह वाचला नव्हता. पण पानावरच्या माणसास त्यांनीं कधीं उठविलें नाहीं.

पुढें या विचाराची बरीच वाढ झाली. रॉड जॉन्सन यांनीं इ. स. २००२ मध्यें या विषयावर एक मोठें पुस्तक लिहिलें, आणि त्याच्याबरोबरच्या नमुन्यांतून स्प्रिंग नांवाची चौकट उभी राहिली. तिची पहिली पूर्ण आवृत्ति २००४ च्या मार्चमध्यें निघाली. तिचें मुख्य तत्त्व असें कीं, घटकानें आपल्याला लागणाऱ्या वस्तूंच्या शोधांत स्वतः हिंडूं नये. त्या त्याच्या हातीं आयत्या आणून द्याव्यात. घरांत नव्यानें आलेल्या माणसाला पाण्याचें मीटर कोठें आहे आणि ग्यासवाल्याचा क्रमांक काय, हें पहिल्याच दिवशीं ठाऊक असावें अशी अपेक्षा आपण करीत नाहीं. त्याच्या पुढें पाण्याचा तांब्या ठेवतों. तसेंच हें आहे. यांत सोय आहेच, पण त्याहून मोठा लाभ हा कीं, कोण कोणावर अवलंबून आहे याची यादी यजमानाजवळ आपोआप तयार होते. टाकी नाहीं तर गीझर नाहीं, गीझर नाहीं तर स्नान नाहीं, ही सांखळी त्याला दिसते. मग उठण्याचा क्रम त्याला कोणी शिकवावा लागत नाहीं.

आरंभाच्या बाबतींत आमच्या धंद्यानें आणखी एक बारीक भेद शोधून काढला आहे, आणि तो आम्हांस फार आवडतो. जिवंत असणें आणि सज्ज असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गूगल कंपनीनें इ. स. २०१४ मध्यें कुबरनेटीस नांवाची व्यवस्था जगास खुली केली; तिचें काम अनेक यंत्रांवर असंख्य प्रोग्राम चालू ठेवण्याचें. ती प्रत्येक प्रोग्रामला दोन निराळे प्रश्न विचारूं शकते. "जिवंत आहेस काय?" या प्रश्नास उत्तर न आल्यास ती त्याला बंद करून पुन्हां चालू करिते. "सज्ज आहेस काय?" या प्रश्नास नकार आल्यास ती त्याला हात लावीत नाहीं, फक्त त्याच्याकडे माणसें पाठविणें थांबविते. आधण ठेवण्यापूर्वीं उठलेल्या मुलाला काकू परत कां पाठवीत, हें आम्हांस हा भेद वाचतांना कळलें. स्वयंपाकघर जिवंत होतें, सज्ज नव्हतें.

उमेदीच्या काळांतले धोके वेगळे असतात. डेटाबेसशीं बोलण्याकरितां जी वाट उघडावी लागते तिला कनेक्शन म्हणतात. ही वाट दर वेळीं नव्यानें उघडणें खर्चाचें असल्यामुळें थोडीं कनेक्शनें आधींच उघडून एका पेटींत ठेवतात. ज्याला लागेल त्यानें घ्यावें, आणि काम होतांच परत ठेवावें. पोस्टग्रेस नांवाचा सुप्रसिद्ध डेटाबेस, मुद्दाम आज्ञा दिली नाहीं तर, अशीं सुमारें शंभरच कनेक्शनें एका वेळीं पतकरतो. घेतलेलें कनेक्शन एखाद्यानें परत केलें नाहीं तर त्या दिवशीं कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. घरीं लग्नकार्य असतां शेजाऱ्यांकडून आणलेलीं पातेलीं जशीं एकेक करून माळ्यावर राहून जातात, आणि पुढच्या कार्याला "पातेलीं गेलीं कोठें?" असा आरडाओरडा होतो, तसें पंधरा दिवसांनीं सारें काम अकस्मात् ठप्प होतें.

येथें कोणी जाणता वाचक म्हणेल कीं, आतांच्या भाषांत टाकून दिलेल्या वस्तु आपोआप गोळा होतात ना? होतात. जॉन मॅकार्थी यांनीं १९५९ च्या सुमारास लिस्प या भाषेसाठीं ती युक्ति काढली, आणि जावानेंहि ती घेतली. पण ती युक्ति स्मरणशक्तीपुरती आहे. तिला रिकामी जागा कळते. उसनवारी कळत नाहीं. वस्तु गोळा होतांना तिला शेवटचें कांहीं सांगतां यावें म्हणून जावांत फायनलाइझ नांवाची एक सोय होती. परंतु ती केव्हां चालेल, किंबहुना चालेल कीं नाहीं, याची कांहींच हमी नव्हती. म्हणून इ. स. २०१७ मध्यें नवव्या आवृत्तींत ती वापरूं नये असें सांगण्यांत आलें, आणि २०२२ मध्यें अठराव्या आवृत्तींत ती पुढें काढून टाकण्याचा बेत जाहीर झाला. त्यापेक्षां २०११ च्या सातव्या आवृत्तींत आलेली रीत सरळ आहे: ज्या कंसांत वस्तु उघडली, त्याच कंसाच्या शेवटीं ती मिटलीच पाहिजे, मग मध्यें कांहींहि विघ्न येवो. घेणारानेंच परत करावें, आणि तें घेतांनाच ठरवावें, एवढाच तिचा अर्थ.

आतां शेवटाविषयीं. आमच्या धंद्यांत आरंभाचें कौतुक फार. नवा प्रोग्राम चालू झाला कीं पेढे वांटतात. तो नीट बंद झाला म्हणून पेढे वांटल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. वस्तुतः चालत्या प्रोग्रामला थांबविणें ही सुरू करण्याहून नाजूक गोष्ट आहे. युनिक्स पद्धतीच्या यंत्रांत थांबण्याचे दोन निरोप असतात. एकास सिगटर्म म्हणतात, त्याचा अर्थ "आतां आवरतें घ्या." दुसरा सिगकिल; तो ऐकूंच येत नाहीं, तो येतो तेव्हां ऐकणारा उरलेला नसतो. कुबरनेटीस पहिला निरोप पाठवून, वेगळी आज्ञा नसल्यास, तीस सेकंद वाट पाहते आणि मग दुसरा पाठविते. काकूंचा साडेअकराचा नियम तो हाच. जावा भाषेंत एका कामकऱ्यानें दुसऱ्याला जागच्या जागीं थांबविण्याची एक आज्ञा पहिल्यापासून होती. तिचा परिणाम असा होई कीं, हिशेबाची वही लिहीत असलेल्या माणसास अर्ध्या आंकड्यावर ओढून न्यावें, आणि पुढच्यानें तोच अर्धा आंकडा खरा धरून चालावें. म्हणून १९९८ मध्येंच ती त्याज्य ठरली, आणि २०२३ च्या विसाव्या आवृत्तीपासून ती दिली असतां ती पाळण्यास यंत्र सरळ नकार देतें. आतां दुसऱ्यास थांबण्याची विनंति करावयाची; थांबावयाचें त्यानें स्वतः, हातांतला आंकडा पुरा करून.

हें सर्व आम्हांस ठाऊक नव्हतें असें म्हणून आम्ही सुटूं शकत नाहीं. बरेंचसें ठाऊक होतें. तरी चूक झाली.

इ. स. २०११ चा जून महिना होता. एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेशाचे अर्ज घेणारा प्रोग्राम आम्हीं व आमच्या तीन सहकाऱ्यांनीं लिहिला होता. संस्थेचें नांव देण्याचें कारण नाहीं; तिचा कांहीं दोष नव्हता. विद्यार्थी अर्ज भरी, त्यास लगेच "आपला अर्ज स्वीकारला" असें उत्तर आणि एक पावतीक्रमांक मिळे. तो अर्ज मात्र त्या क्षणीं डेटाबेसांत जात नसे. एक घटक आलेले अर्ज आपल्याजवळ सांठवी आणि दर थोड्या सेकंदांनीं ते एकगठ्ठा लिही. त्यामुळें प्रोग्राम जलद चाले. या युक्तीचा आम्हांस अभिमान होता, आणि ती आमची स्वतःचीच होती.

शेवटच्या दिवशीं गर्दी लोटली. डेटाबेसचें काम मंदावलें, आणि लिहिण्याची वाट पाहणाऱ्या अर्जांचा ढीग वाढूं लागला. कनेक्शनांची संख्या वाढविली तर निभेल असें वाटून संध्याकाळीं सातच्या सुमारास आम्हीं प्रोग्राम थांबवून पुन्हां चालू केला. सर्व मिळून मिनिटभराचें काम. गर्दी निभली, मध्यरात्रीं मुदत संपली, आणि आम्ही एकमेकांची पाठ थोपटून घरीं गेलों.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं एका पालकाचा दूरध्वनि आला. मुलीजवळ पावतीक्रमांक आहे, यादींत तिचें नांव नाहीं. आम्हांस प्रथम वाटलें कीं क्रमांक वाचण्यांत चूक असेल. मग टांचणांची वही उघडली. तींत संध्याकाळच्या त्या मिनिटापूर्वींच्या एकेचाळीस ओळी अशा सांपडल्या कीं, "स्वीकारला" अशी नोंद आहे आणि डेटाबेसांत अर्ज नाहीं.

कारण सांपडावयास रात्र गेली. प्रोग्राम बंद होऊं लागला असतां "एवढें काम करून मग जा" असें आधींच नोंदवून ठेवण्याची एक सोय जावानें इ. स. २००० मध्यें आपल्या १.३ या आवृत्तींत दिली. तिला शटडाऊन हुक म्हणतात. आमच्या अर्ज लिहिणाऱ्या घटकानें अशी एक नोंद केली होती: "जवळचे सर्व अर्ज लिहून मग जा." कनेक्शनांची पेटी सांभाळणाऱ्या घटकानेंहि एक केली होती: "सर्व कनेक्शनें मिटून मग जा." दोन्ही नोंदी आपापल्या जागीं निर्दोष होत्या. परंतु अशा नोंदी यंत्र सगळ्या एकदमच चालू करितें, आणि कोणती आधीं पुरी होईल याची हमी देत नाहीं, असें त्या सोयीच्या वर्णनांतच लिहिलेलें आहे. आम्हीं तें वाचलें होतें. तपासणीच्या वेळीं ढीग दोनचार अर्जांचा असे, आणि पेटी मिटण्यापूर्वींच तो लिहून होई. त्या संध्याकाळीं ढीग मोठा होता. लिहिणारा घटक लिहावयास निघाला तेव्हां वाटा मिटलेल्या होत्या, आणि तो आपल्या ओंजळींतले एकेचाळीस अर्ज घेऊन नाहींसा झाला.

टांचणांच्या वहींत पावतीक्रमांकाबरोबर मोबाईलचा क्रमांक होता. दोन दिवस आम्ही चौघे एकेकाला दूरध्वनि करीत बसलों. प्रत्येकाला तेंच सांगावयाचें: आपण अर्ज भरला होतांत, तो आमच्या चुकीनें हरवला, पुन्हां भरा. वही पाहून संस्थेनें तशी परवानगी दिली, हा तिचा मोठेपणा. कोणी रागावले, कोणी आभार मानले. आभार ऐकणें अधिक जड गेलें. चाळीस अर्ज पुन्हां आले. एकेचाळिसावा क्रमांक दुसऱ्या जिल्ह्यांतल्या एका दुकानाचा निघाला. तेथें गांवोगांवच्या मुलांचे अर्ज भरून देत, आणि ज्याच्याजवळ मोबाईल नसेल त्याच्या अर्जावर दुकानाचाच क्रमांक घालीत. दुकानदार भला होता. "त्या दिवशीं वीसपंचवीस पोरें आलीं होतीं साहेब, कोणाचा म्हणून सांगूं? विचारून पाहतों," असें तो म्हणाला. त्यानें विचारलें असावें. कोणी आलें नाहीं.

त्या रात्रीं घरीं आलों तेव्हां साडेनऊ होऊन गेले होते. काकूंनीं पान वाढलें, आणि आम्ही जेवत नाहीं असें पाहून समोर पाट घेऊन बसल्या.

"कोणाचें नुकसान झालें?" त्यांनीं विचारलें. काय झालें असें न विचारतां त्यांनीं हें विचारलें.

आम्हीं जमेल तितक्या साध्या शब्दांत सर्व सांगितलें. त्या भांड्यांच्या ढिगाकडे पाहत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नळ आधीं बंद केला आणि मग भांडीं घासायला बसलांत, असेंच ना?"

आम्ही म्हणालों कीं क्रम आम्हीं लावला नव्हता. तो यंत्राच्या मर्जीवर होता.

"मग यंत्राला बोल कशाला? घरांतल्या दोघींना 'आपापलें आवरून घ्या' एवढेंच सांगून मी निजायला गेलें, तर एक नळ बंद करील आणि दुसरी हाताला साबण लावून उभी राहील. दोघींनीं सांगितलेलें केलें. कोणी आधीं आणि कोणी मग, हें सांगायचें माझें काम."

आम्ही गप्प राहिलों. थोड्या वेळानें त्यांनीं आणखी एक प्रश्न केला, आणि तो आजवर आम्हांस बोंचतो.

"पण काय रे, अर्ज वहींत लिहिलाच नव्हता, तर मिळाला म्हणून त्या मुलांना आधींच कां सांगितलेंत?"

क्रमाची चूक दुसऱ्या दिवशीं दुरुस्त झाली. दोन स्वतंत्र नोंदी काढून टाकल्या, आणि दोन्ही घटक एका यजमानाच्या हातीं दिले. स्प्रिंगसारख्या चौकटींत, एक घटक दुसऱ्यावर अवलंबून आहे हें एकदां सांगितलें कीं, अवलंबून असणारा आधीं मिटविला जातो आणि ज्याच्यावर तो अवलंबून आहे तो मागून. जो आधीं उठला तो शेवटीं निजतो. यालाहि अपवाद आहेत, आणि ते आम्ही आतां तरुण सहकाऱ्यांस मुद्दाम दाखवितों. मागणी येईल तेव्हां प्रत्येक वेळीं नवा निर्माण करून दिला जाणारा घटक स्प्रिंग जन्मास घालते, पण त्याचा शेवट करीत नाहीं. ती जबाबदारी मागणाराची. घरांत आणलेल्या कोणत्या वस्तूचा शेवट कोणाकडे, हें आणतांनाच विचारून घ्यावें.

काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र क्रमांत नव्हतें. समजा, आम्हीं क्रम नीट लावला असता, आणि त्याच संध्याकाळीं वीज गेली असती. वीज सिगटर्म पाठवीत नाहीं. तेव्हां ओंजळींतले अर्ज तसेच गेले असते. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील जॉर्ज कँडिया आणि अरमांडो फॉक्स यांनीं इ. स. २००३ मध्यें एका निबंधांत असा विचार मांडला कीं, प्रोग्राम मुळांत असाच रचावा कीं तो अकस्मात् कोसळला तरी कांहीं बिघडूं नये. थांबणें म्हणजे कोसळणें, आणि सुरू होणें म्हणजे सावरणें, याहून तिसरी वाटच ठेवूं नये. हा विचार प्रथम वाचला तेव्हां तो आम्हांस आडदांडपणाचा वाटला होता. आतां त्यांतला प्रामाणिकपणा कळतो. नीट निरोप घेतां आला तर उत्तम. पण निरोप घेतां येईलच या भरंवशावर कोणास वचन देऊं नये. आम्हीं तो प्रोग्राम बदलला. अर्ज डेटाबेसांत लिहिला गेल्यावरच "स्वीकारला" हा शब्द बाहेर पडूं लागला. प्रोग्राम किंचित् मंद झाला. त्याबद्दल एकाहि विद्यार्थ्यानें तक्रार केली नाहीं.

तेव्हांपासून आम्हांस एक संवय लागली आहे, आणि आमचे सहकारी तिला हंसतात. नवा घटक लिहावयास घेतला कीं आम्ही त्याचा शेवट आधीं लिहितों. त्यानें काय काय परत करावयाचें, कोणाच्या आधीं जावयाचें, वाट किती वेळ पाहावयाची आणि मुदत संपल्यास हातांतलें कोणाच्या स्वाधीन करावयाचें, हें ठरल्यावर मग त्याचा जन्म. तपासणी करितांनाहि आम्ही भर गर्दींत तो मुद्दाम बंद करून पाहतों, आणि एकदां कांहीं न सांगतां सिगकिल पाठवूनहि पाहतों. दुसऱ्याच्या लिखाणांत डिस्ट्रॉय रिकामा दिसला तर तो खरोखरच रिकामा असावयास हवा कीं नुसता राहून गेला आहे, हें विचारल्यावांचून पुढें जात नाहीं.

गेल्या चार वर्षांपासून काकूंच्यानें रात्रीची फेरी होत नाहीं. गुडघे चालत नाहींत. त्यांनीं हें काम एका दिवसांत सोडलें असें मात्र नाहीं. पहिले सहा महिने वहिनी फेरी करीत आणि काकू खुर्चीवर बसून ऐकत. कोठला आवाज चुकला तर तेवढें सांगत. नंतर त्या आपल्या खोलींतून ऐकूं लागल्या. एका पावसाळ्यांत वहिनींनीं चपला ओल्या म्हणून आंत घेतल्या, आणि त्या मोजल्यावांचून कडी घातली, तेव्हां काकूंनीं आंतून विचारलें, "सगळे आले का ग?" वहिनी परत गेल्या आणि मोजून आल्या. त्यानंतर पुन्हां विचारण्याची वेळ आली नाहीं, आणि काकू आतां दहालाच निजतात.

आम्ही मात्र कधीं कधीं त्या वेळीं जागे असतों. पानें उठल्याचा, भांड्यांचा, मग नळ बंद झाल्याचा आवाज येतो. मग वहिनींचीं पावलें दाराकडे जातात आणि तेथें क्षणभर थांबतात. तेवढ्या वेळांत आम्हांस तो एकेचाळिसावा पावतीक्रमांक आठवतो. तो आम्हांस पाठ आहे. नांव ठाऊक नाहीं. मग कडीचा आवाज होतो.